पंचिंग बॅग मस्त आहे, पण पोराचा राग उतरवायला घेऊ नका

मार्चमध्ये नागपुरात सीताबर्डीतल्या एका दुकानातून ही तीन फुटी भरलेली बॅग घेतली, चेन आणि ग्लोव्हज धरून २,४०० रुपये पडले. तीन महिने वापरली, आता लिहून राहिलोय.

आधी घेतली कायले ते सांगतो. पोरगा नववीत गेला, मोबाईलवर बंदुकीवाला गेम खेळतो, हरला की भिंतीवर बुक्क्या मारतो. बॉक्सवर लिहिलं होतं की राग बाहेर काढा, मन शांत करा, आणि दुकानदार पण म्हणाला, "दहा मिनिटं मारू द्या भाऊ, सारा राग उतरते." मला पटलं. प्रेशर कुकरची शिट्टी होते तसंच असंल म्हटलं.

हॉलमध्ये झोपाळ्याची कडी होती तिथेच टांगली. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ डिग्री, कूलरचं पाणी संपलेलं, आणि गेममध्ये वर्गातल्या एका पोट्ट्यानं याला शिवी दिली. हा तडक बॅगवर. प्रत्येक ठोशाला त्या पोराचं नाव आणि सोबत "आज तुला सोडत नाही", मोबाईलवरच्या रीलमध्ये पाहिलेलं वाक्य, त्याच सुरात. पंधरा मिनिटं मारलं, घामानं पूर्ण भिजला, आणि शांत व्हायचा तर उलट जाऊन धाकटीच्या सायकलला अशी लाथ घातली की मडगार्ड वाकलं. धाकटी दाराआड उभी होती, रडली पण नाही. ते मी विसरू शकत नाही.

माझी वहिनी कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते. तिला सांगितलं तर म्हणाली, "भाऊजी, यावर प्रयोग झालेत नं, अगदी याच बॅगवर." ब्रॅड बुशमन म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, म्हणजे त्यांच्या निबंधाला मुद्दाम वाईट शेरा दिला, मग काहींना शेरा देणाऱ्याचा विचार करत बॅग मारायला लावली, काहींना व्यायाम म्हणून, आणि काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. त्या माणसाचा विचार करत मारणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, आणि नंतर त्याला मोठा कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली तर त्यांनीच जास्त त्रास दिला. गप्प बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. त्याच्याही आधी १९९९ मध्ये बुशमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक बनावट लेख वाचायला दिला होता, की वस्तूंवर राग काढणं चांगलं असतं. ज्यांनी तो वाचला त्यांना बॅग मारावीशी जास्त वाटली, आणि मारल्यावर ते जास्त आक्रमक झाले. म्हणजे बॉक्सवरची ती ओळसुद्धा निरुपद्रवी नाही, लोक वाचून तसं वागतात, मीच वागलो.

आणि रीलमधलं वाक्य त्यानं जसंच्या तसं कसं उचललं? १९६१ ला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला, हवा भरलेल्या बोबो बाहुलीला मोठा माणूस हातोडीनं बडवताना ज्या मुलांनी पाहिला त्यांनी तसंच बडवलं, तोंडानं तेच शब्द काढत. १९६३ ला पडद्यावर दाखवलं तरी तसंच झालं. बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे असा आक्षेप यावर आहेच, आणि तो बरोबर आहे. गेमलाच सगळा दोष देऊ नका असंही वहिनी बोलली, कारण २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची हजारेक मुलं तपासली तेव्हा हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. उन्हाचं मात्र तिनं आवर्जून सांगितलं, गरमीत माणूस लवकर भडकतो यावर क्रेग अँडरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम आहे. नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको.

आता घरी नियम असा की राग आला की बॅगला हात लावायचा नाही. मोबाईल ठेवायचा, कूलरसमोर बसायचं, श्वास हळू घ्यायचा. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पण हेच निघालं, दीर्घ श्वास, ध्यान, योगासनं यानं राग कमी होतो, धावण्यानं होत नाही. पहिला आठवडा त्यानं लय कटकट केली, आता स्वतःहून उठून जातो, रोज नाही पण जातो.

बॅग संध्याकाळी साडेसहाला, फक्त व्यायामाला, दोरीवरच्या उड्या झाल्यावर. त्या कामाला एक नंबर आहे. रेक्झीन मजबूत, शिवण कुठेच उसवली नाही. आतल्या चिंध्या महिनाभरात खाली बसल्या, खालचा भाग दगडासारखा झाला आणि वर पोकळ, म्हणून चेन खोलून परत भरावी लागली. सोबतचे ग्लोव्हज बेकार, मनगटाला आधारच नाही, वेगळे घ्या. बॅगला चार स्टार, बॉक्सवरच्या त्या ओळीला एक पण नाही.

चेन चार कड्या लांब केली की धाकटीचा पण हात पुरतो, ती आता दादाच्या आधी ग्लोव्हज घालून उभी असते.