रोइंग स्पर्धेची वेळ कशाने नोंदवायची: स्टॉपवॉच, टॅबलेट, व्हिडिओ की फोटोफिनिश?

यंत्रणा निवडताना आयोजक बहुतेकदा कॅमेऱ्याच्या किमतीपासून सुरुवात करतात. त्याआधी ठरवायला हवं की स्पर्धेत क्रमांक कशावरून लागणार आहे. 2000 मीटरच्या लेन-शर्यतीत सगळ्या बोटी एकाच क्षणी सुटतात. सुरुवात अर्धा सेकंद उशिरा टिपली गेली तरी चूक सगळ्यांना सारखीच लागते आणि क्रमांक शाबूत राहतात. त्यामुळे सगळं लक्ष अंतिम रेषेवर ठेवता येतं. याला अपवाद एकच. वेगवेगळ्या हीटमधल्या (प्राथमिक शर्यतींतल्या) वेळा ताडून पुढच्या फेरीत कोण जाणार हे ठरत असेल, तर सुरुवातही तितकीच नेमकी लागते.

हेड रेसमध्ये बोटी दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतात आणि काही किलोमीटर पुढे दुसऱ्या घड्याळावर संपवतात. दोन्ही घड्याळांत कायम तेवढाच फरक राहिला तर क्रमांक बिघडत नाहीत. ते बिघडतात तो फरक मध्येच बदलला की. एखाद्या फोनची बॅटरी संपून दुसरा आला, किंवा फोनला मधेच नेटवर्क मिळून त्याने स्वतःचं घड्याळ परस्पर दुरुस्त केलं, की त्यानंतरच्या सगळ्या बोटींना वेगळा न्याय लागतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला फार तर एक-दोन सेकंद सरकतं, म्हणजे तासाभरात काही शतांश सेकंदच. ते चालून जातं, घड्याळाने मारलेली उडी चालत नाही. म्हणून हेड रेसला जीपीएसवर वेळ जुळवणारं उपकरण घ्यावं. ते नसेल तर दोन्ही टोकांची घड्याळं शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर शेजारी ठेवून ताडावीत आणि फरक लिहून ठेवावा.

स्टॉपवॉच आणि कागद

आठजणांची बोट सेकंदाला साधारण 6 मीटर जाते, म्हणजे दशांश सेकंदात 60 सेंटिमीटर. हाताने बटण दाबणाऱ्या दोघांत एक-दोन दशांशांचा फरक सहज पडतो. तेव्हा अर्ध्या-एक मीटरच्या आतली चुरस स्टॉपवॉचने सोडवायची नसते. ती रेषेवरच्या पंचाने डोळ्यांनी सांगायची. पंच म्हणतो तिसरी लेन पुढे आणि घड्याळ म्हणतं चौथी, अशा वेळी पंचाचा क्रम ठेवतात आणि वेळ त्याला जुळवून घेतात. हा नियम आधीच लिहून ठेवला नसेल तर वाद हमखास होतो.

सुरुवातीच्या भोंग्यावर बटण दाबू नका. 2000 मीटरवरून आवाज पोहोचायला जवळजवळ 6 सेकंद लागतात. दुर्बिणीतून झेंडा पाहा किंवा वॉकीटॉकी वापरा. वॉकीटॉकीचं बटण आज्ञेच्या आधीपासून दाबून धरावं लागतं, नाहीतर नेमका तोच शब्द कापला जातो. डिजिटल संचात आवाज थोडा उशिरा पोहोचतो, इंटरनेटवरून चालणाऱ्या संचात तर हा उशीर दर वेळी वेगळा असतो. या कामाला जुना अॅनालॉग संच सरस ठरतो.

टॅबलेट आणि अॅप

क्रूटायमरसारख्या अॅपमध्ये एकजण रेषेवर बटण दाबतो आणि वेळ लगेच बोटीच्या क्रमांकाला जोडली जाते. स्टॉपवॉचच्या पद्धतीतला सर्वांत घातक दोष इथे बराच कमी होतो. तो दोष असा: वेळांची यादी एकाकडे, बोटींच्या क्रमांकांची दुसऱ्याकडे, आणि एक बटण दाबायचं राहिलं की त्याखालच्या सगळ्या वेळा एका घराने सरकतात. पण तीन बोटी सेकंदाभरात आल्या तर अॅपवरही घोळ होतोच. उपाय सोपा आहे. आधी फक्त वेळा दाबा, बोटींचे क्रमांक नंतर जोडा, आणि शेजारी एकाने क्रमांक मोठ्याने वाचत आवाज रेकॉर्ड करत राहावं. लाटा आणि वल्ह्यांच्या तुषारांमागे क्रमांकाचं कार्ड दिसेनासं झालं तर ते रेकॉर्डिंगच कामी येतं.

बोटाने दाबलेल्या वेळेची अचूकता मात्र स्टॉपवॉचइतकीच राहते. पडद्यावर शतांश दिसतात म्हणून निकालात शतांश छापू नयेत.

व्हिडिओ आणि फोटोफिनिश

सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमदरम्यान बोट 20 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. 60 फ्रेमला 10, 240 फ्रेमला अडीच. बोटीच्या नाकावरचा पांढरा चेंडू 4 सेंटिमीटरचा असतो, यावरून काय दिसेल याचा अंदाज येतो. फोटोफिनिशसाठीचा फिनिशलिंक्ससारखा लाइन-स्कॅन कॅमेरा रेषेवरची फक्त एक उभी फट सेकंदाला हजार किंवा अधिक वेळा टिपतो. हजार वेळांच्या हिशेबाने दोन नोंदींमध्ये बोट सहा मिलिमीटर सरकते.

पण हे गणित कॅमेरा तंतोतंत रेषेत असेल तरच खरं. सहा लेनचं पात्र सुमारे 80 मीटर रुंद असतं. कॅमेरा एक अंशाने तिरपा बसला तर पलीकडच्या लेनपाशी रेषा 1.4 मीटर सरकते. तितक्याने महागडा कॅमेरा स्टॉपवॉचपेक्षा वाईट निकाल देतो. पलीकडच्या काठावर आणि अलीकडेही ओळंब्यात उभा खांब रोवा, कॅमेऱ्यात दोन्ही एकावर एक दिसेपर्यंत तो फिरवा, आणि ही तपासणी दर तासाला करा. कॅमेऱ्याच्या मनोऱ्यावर माणसं चढली-उतरली की तिपाई हलते. कॅमेरा उंचावर हवा, नाहीतर जवळच्या बोटीतले खेळाडू पलीकडचं नाक झाकतात. उजेड उतरला की लाइन-स्कॅनचं चित्र काळं पडतं, त्यामुळे शेवटच्या शर्यती संध्याकाळी असतील तर मोठ्या छिद्राची लेन्स आधीच ठेवा.

माझं मत विचाराल तर पाच-सहा बोटींच्या स्थानिक लेन-शर्यतीला टॅबलेट आणि 240 फ्रेमचा, पक्का बसवलेला व्हिडिओ पुरे. निवड चाचणी किंवा शतांशांवर पदक असेल तर लाइन-स्कॅन घ्या, पण तो चालवणारा माणूसही सोबत आणा. हेड रेसला लाइन-स्कॅनवर केलेला खर्च बहुतेक वाया जातो.

चिप आणि जीपीएस

धावण्याच्या शर्यतीत धावपटूच्या अंगावर लावतात आणि रेषेवरचा अँटेना ओळखतो, ती स्वस्त चिप इथे फसते. तिचा पल्ला काही मीटरचाच, पाणी रेडिओ लहरी शोषतं आणि कार्बनची बोट त्या अडवते. अरुंद नदीत पुलाखालून बोटी जात असतील तरच तिचा विचार करावा. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. वेग आणि थेट नकाशा दाखवायला तो छान, क्रमांक लावायला नाही.

माहितीचा पसारा

वेळेपेक्षा जास्त गोंधळ नोंदींत होतो. एक्सेल फुकट आणि ओळखीचं असलं तरी त्यात 7:05 लिहिलं की ते सात तास पाच मिनिटं समजतं. 0:07:05 असं लिहावं लागतं. एकच स्तंभ निवडून क्रम लावला तर वेळा एका संघाच्या आणि नावं दुसऱ्याची होतात. दोन लॅपटॉपवर दोन प्रती झाल्या की माघार घेतलेली बोट एका यादीत जिवंत राहते. तीस-चाळीस शर्यतींपर्यंत एकाच माणसाच्या हाती असलेली फाइल निभावते. त्यापुढे रेगाटासेंट्रलसारखी नोंदणी सेवा किंवा स्थानिक सर्व्हरवरचा डेटाबेस घ्यावा. काठावर नेटवर्क भरवशाचं नसेल तर फक्त क्लाउडवर विसंबू नका. स्वतःचा राउटर, यूपीएस आणि ऑफलाइन चालणारं सॉफ्टवेअर हवं. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करायला विसरू नका.

निकाल पडद्यावर टाकताना त्यावर ‘तात्पुरता’ लिहा, आणि पंचांनी पांढरा झेंडा दाखवल्यावरच ‘अधिकृत’ करा. लाल झेंडा असेल तर आक्षेपाचा निर्णय लागेपर्यंत पुढच्या फेरीच्या लेन वाटू नका. प्रत्येक छापील यादीवर छापल्याची वेळ असावी. नाहीतर सुरुवातीच्या धक्क्यावर सकाळची यादी आणि अंतिम रेषेवर दुपारची, अशा दोन याद्यांवर एकच शर्यत चालते.