‘रीफ-सेफ’ म्हणून गळ्यात मारलेली बाटली

खाऱ्या पाण्याच्या कोरल (प्रवाळ) टाकीतले ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी केसांचे किडे, मारायचं औषध म्हणून कुणी घटक न छापलेली ‘रीफ-सेफ’ (कोरल टाकीला सुरक्षित) बाटली देत असेल, तर कृपा करून घेऊ नका. मला ती देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, की फक्त किडे मरतील, कोरलला धक्काही लागणार नाही. घटक विचारले तर म्हणाला, “ते कंपनीचं गुपित असतं.”

सांगितला तेवढाच डोस रात्री दिला. सकाळी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या होत्या. क्लीनर श्रिंप (टाकीतली कोळंबी) कुशीवर, पाय तेवढे थरथरत होते. झोआंथिड (फुलांसारखे दिसणारे कोरलचे नातलग) घट्ट मिटलेले. दुपारपर्यंत खडकांच्या फटींतून मेलेले किडे लोंबायला लागले, ते सडून अमोनिया चढला. शंका आली म्हणून तांब्याची टेस्ट केली, तर रंग लगेच उमटला. माशांच्या परजीवींवर तांबं देतात, पण वेगळ्या टाकीत. कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना ते विषच. पुढे हाच माणूस तीच बाटली माशांच्या ‘इक’ या परजीवी रोगावरचं औषध म्हणून विकताना दिसला. म्हणजे आत काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

याहून संताप येतो तो त्याने घातलेल्या भीतीचा. “हे किडे कोरल फस्त करतात,” म्हणे! आपल्या टाक्यांत सर्रास दिसणारे गुलाबी-तपकिरी ब्रिसल वर्म उरलेलं अन्न आणि मेलेलं खातात, टाकी साफ ठेवतात. कोरल खाणारा दाढीवाला फायरवर्म, हर्मोडिस कॅरुन्क्युलाटा, वेगळा; तो क्वचितच येतो. किडे फार वाढले तर खाणं जास्त पडतंय, एवढाच अर्थ. खाणं कमी करा, रात्री नळीत कोळंबीचा तुकडा ठेवून सापळा लावा, चिमट्याने उचला. अॅरो क्रॅब हा खेकडा किंवा सिक्स-लाइन रॅस हा मासाही त्यांना खातो. किड्यांना उघडा हात लावू नका. काटे कातडीत मोडतात, ते चिकटपट्टीने ओढून काढावे लागतात.

असली बाटली कुणी आधीच ओतली असेल, तर जगलेले जीव लगेच तांबं नसलेल्या, तयार खाऱ्या पाण्यात हलवा. मग बरंचसं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये कार्बनसोबत (पाणी साफ करणारा कोळसा) तांबं शोषणारं रेझिन लावा. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात, म्हणून एकदा टेस्ट कोरी आली तरी कोळंबी परत सोडायची घाई करू नका. बाटली फेकू नका, तक्रारीला तीच पुरावा आहे.