नाताळ अनुभवायला कुठे जावं: न्युर्नबर्ग की क्राकूफ?

डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांची रजा टाकून युरोपात यायचं ठरवणारे नातेवाईक मला दरवर्षी विचारतात, नाताळ बघायला कुठे जाऊ? मी जर्मनीत राहतो, म्हणून मी जर्मनीच सांगणार असं त्यांनी धरलेलंच असतं. मी दोन्ही पाहिले आहेत. एक नाताळ आई-बाबांबरोबर न्युर्नबर्गला झाला आणि पुढच्या वर्षीचा पोलंडमध्ये, क्राकूफला एका सहकाऱ्याच्या घरी.

जर्मन नाताळाची खरी गंमत नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे अॅडव्हेंटमध्ये आहे. घरोघरी हिरव्या फांद्यांचं एक चक्र मांडतात आणि दर रविवारी त्यातली एकेक पेटती मेणबत्ती वाढत जाते. हाम्बुर्गच्या विखर्न नावाच्या पाद्रीने १८३९मध्ये गरीब, निराधार मुलांसाठी ही पद्धत सुरू केली. ६ डिसेंबरच्या सकाळी मुलांच्या बुटांत खाऊ निघतो. न्युर्नबर्गचा बाजार पहिल्या अॅडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो. सोनेरी कुरळ्या केसांची क्रिस्टकिंड, म्हणजे देवदूताच्या वेशातली तरुणी, चर्चच्या सज्जातून सगळ्यांना आमंत्रण देते, तेव्हा खाली चौकात मुंगीलाही वाट नसते. लेबकुखन नावाची मसालेदार बिस्किटं, गरम वाइन, लाकडी खेळणी, सगळं बघण्यासारखं आहे. पहिल्या पंधरवड्यात येणार असाल तर दुसरीकडे बघूही नका.

पण आपल्याकडून येणारे लोक बहुधा शेवटच्या आठवड्यातच येतात, आणि माझं मत फिरलं ते तिथेच. २४ तारखेला दुपारी दोन वाजता तो बाजार संपतो, तोही त्या वर्षापुरता. आई-बाबांचं विमान २३ च्या रात्री उतरलं. दुसऱ्या दिवशी आमची सकाळची गाडी चुकली आणि चौकात पोचेपर्यंत अडीच झाले होते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली फळ्या लागत होत्या. चारपर्यंत रस्ते रिकामे झाले. पुढचे दोन दिवस दुकानं बंद. खिडक्याखिडक्यांतून दिवे दिसत होते. आत घरोघरी बटाट्याचं सॅलड, सॉसेज आणि भेटवस्तू. आम्ही खोलीवर बसून आईने आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. यात कुणाची चूक नाही, तिथे तो दिवस घरच्यांचा असतो. तरी सात हजार किलोमीटरवरून आलेल्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पोलंडमध्ये नाताळ सुरूच होतो २४च्या संध्याकाळी. दिवसभर बेताचं खायचं आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या माझ्या आईला हे समजावून सांगावंच लागलं नाही. साडेचारच्या सुमारास ती यजमानांच्या नातीबरोबर गॅलरीत उभी होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरलेलं होतं, गोठ्याची आठवण म्हणून. जेवणाआधी ओप्वातेक वाटतात, म्हणजे येशूजन्माचं चित्र उमटवलेली कागदासारखी पातळ, बेचव पापडी. आपली पुढे करायची, समोरच्याने तिचा तुकडा मोडायचा, आपण त्याच्या पापडीचा मोडायचा आणि येत्या वर्षासाठी एकमेकांना तोंडाने शुभेच्छा द्यायच्या. घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाशी हे केलं, आमच्याशीही. मग बारा पदार्थ, आणि एकातही मटण-चिकन नाही. बिटाच्या लालभडक सारात मशरूम भरलेल्या इवल्या उकडलेल्या करंज्या, कोबीचे पिएरोगी, म्हणजे तशाच पण मोठ्या करंज्या, सुक्या फळांचं सरबत. गहू, खसखस आणि मधाची कुत्या आईने दोनदा मागून घेतली. एक ताट शेवटपर्यंत रिकामं होतं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. घरचं आमंत्रण नसेल तर क्राकूफमध्येही ती संध्याकाळ सुनसानच जाईल. २०२५पासून २४ तारखेला तिथे सार्वजनिक सुट्टीही आहे. थंडी जास्त बोचते. पण पुढच्या दिवसांत हात हलवत परतावं लागत नाही. मुख्य चौकातला बाजार अलीकडे नववर्षापर्यंत चालतो आणि कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, तर २ फेब्रुवारीपर्यंत गातात. शिवाय शोपका असतात: चमकीच्या कागदाने मढवलेली, शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांसारखी दिसणारी येशूजन्माची मखरं. त्यांची स्पर्धा १९३७मध्ये सुरू झाली, २०१८मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत गेली. स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी होते, पण प्रदर्शन नाताळानंतरही बघता येतं. घरच्या गणपतीची आरास स्वतः करणाऱ्या बाबांना तिथून बाहेर काढायला मला दीड तास लागला.

तेव्हा तारखा बघून ठरवा. महिन्याच्या सुरुवातीला येत असाल तर न्युर्नबर्ग. २०नंतर येत असाल आणि पोलंडमध्ये कुणी ओळखीचं असेल, तर संकोच न करता त्यांना विचारा. शाकाहारी असाल तर आधीच स्पष्ट सांगून ठेवा, कारण मासा तिथे मांसात धरत नाहीत आणि त्या बारांमध्ये कार्प नि हेरिंग हमखास असतात. आमच्या यजमानीणबाईंनी आईसाठी माशांऐवजी मशरूमचे कटलेट केले होते.