‘एका वॉशमध्ये निघतो’ म्हणाले आणि ११,१०४ रुपये घेऊन गेले

आधी हिशोब सांगते. केसांच्या रंगाच्या तीन डब्या, प्रत्येकी ८९९, म्हणजे २,६९७. वर कॅश ऑन डिलिव्हरीचे ७९. झाले २,७७६. मग तेच पैसे ‘परत देतो’ म्हणून माझ्या खात्यातून काढून घेतलेले आधी २,७७६ आणि लगेच ५,५५२. बेरीज ११,१०४ रुपये. त्वचेच्या डॉक्टरांची फी आणि मलम मिळून ९४० गेले, ते यात धरलेले नाहीत. मी शाळेत गणित शिकवते. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

माझे केस कुळकुळीत काळे, दाट आणि घट्ट कुरळे आहेत. क्लिपा तुटतात, रबरं ताणून जातात. कानशिलाजवळ थोडे पिकलेत. भाच्याच्या संगीताला फक्त एका रात्रीपुरता बरगंडी रंग हवा होता, कारण नंतर वर्गात उभं राहायचं होतं. पार्लरवालीने सांगितलं, काळ्या केसांवर रंग उठून दिसायला आधी ब्लीच करावं लागेल, ६,५०० होतील. कुरळे केस आधीच कोरडे, त्यांना ब्लीच करून त्यांचा काथ्या कोण करून घेणार? मग एका धुण्यात निघणाऱ्या रंगीत वॅक्सचा शोध घेतला आणि एका जाहिरातीवर येऊन थांबले.

आता ‘अशा गोष्टी घ्याव्यातच कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी: हा प्रकार मुळात खोटा नाही. चांगल्या वॅक्समधला रंग केसाच्या आत जात नाही, वरच्या आवरणावर बसतो. म्हणूनच तो ब्लीचशिवाय काळ्या केसांवरही बऱ्यापैकी दिसतो आणि शाम्पूने निघतो. ओलसर केसांवर बट-बट वेगळी घेऊन लावायचा, वाळल्यावर कंगवा लावायचा नाही, नाहीतर खवले सुटून खांद्यावर पडतात. आणि दाट कुरळ्या केसांना एक डबी पुरत नाही, हेही खरं. त्या जाहिरातीत नेमकं हेच लिहिलं होतं: ‘केस दाट आणि कुरळे आहेत? एकात भागणार नाही, तीनचा कॉम्बो घ्या.’ जो माणूस आपल्या केसांबद्दल इतकं बरोबर बोलतो, त्याच्यावर विश्वास बसणारच. तुमचाही बसला असता.

पार्सल आलं तेव्हा घरात पाहुणे, मेंदीवाली बसलेली. डिलिव्हरीवाला म्हणाला, आधी पैसे, मग उघडा. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाचं वाटावं असं नाव. डबीवर मुलीचा फोटो, चकचकीत नाव आणि ‘हर्बल’. बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आत काय आहे ते नाही. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, त्यांत हे सगळं छापणं सक्तीचं आहे. बाहेरून आणलेला माल असेल तर नोंदणी क्रमांकही लागतो. हे मला नंतर कळलं. लग्नघरात डबीचा तळ वाचत बसणारी बाई मला दाखवा.

रंग कसा बसला? काळ्या केसांवर काहीच नाही. ट्यूबलाइटखाली उभं राहिलं तर थोडी लालसर झाक. आणि जे पिकलेले होते ते आणि टोकाचे कोरडे केस झाले झगझगीत गुलाबी-जांभळे! कान रंगले, मान रंगली, मोतिया रंगाच्या ब्लाउजची पाठ गेली. संगीतात नणंदेने विचारलं, ‘वहिनी, होळी खेळून आलात का?’ ते सहन केलं. एका रात्रीचा प्रश्न होता.

पण तो निघेना. शाम्पू झाला, खोबरेल तेल चोपडून झालं, पुन्हा शाम्पू झाला. काळ्यावरून उरलासुरला गेला आणि पांढऱ्यावर होता तसाच राहिला. कोरड्या केसांचं आवरण उघडं पडलेलं असतं, हलक्या प्रतीचा रंग तिथे मुरतो, आणि पांढऱ्यावर डाग लपत नाही. त्यात टाळूला खाज आणि कानामागे पुरळ. डॉक्टर म्हणाल्या, घटकच लिहिलेले नाहीत, मग कशाची ॲलर्जी आली ते मी कशी सांगू? ऐका, कुठलाही नवा रंग असो, ‘टेम्पररी’ असो की ‘हर्बल’, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि ४८ तास थांबा. आणि एक पांढरा केस तोडून त्यावर लावून धुऊन बघा. जाहिरातवाले हे कधीच करून दाखवत नाहीत.

आता खरी जळजळ.

डबीसोबत एक चिठ्ठी होती: ‘समाधान न झाल्यास पूर्ण पैसे परत’, खाली मोबाईल नंबर. मी गुगलवर शोधलेला नंबर नव्हता तो. गुगलवरचे कस्टमर केअर नंबर खोटे असतात, हे मी स्वतः स्टाफरूममध्ये चार जणींना सांगितलेलं आहे. हा त्यांच्याच डब्यातला नंबर होता. फोनवरचा मुलगा हिंदीत अगदी अदबीने बोलला. ‘मॅम, कर्ली हेअर में ऐसा हो जाता है, आप का पूरा रिफंड बनता है.’ त्याने क्यूआर कोड पाठवला, त्यावर मोठ्या अक्षरात रिफंड आणि २,७७६.

डोक्याला तेल, त्यावर जुना टॉवेल, चष्मा बेसिनवर. दुसऱ्या दिवशी शाळा. कोड स्कॅन केला. पडद्यावर ‘पे’ लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतंच! त्याखाली एका बाईचं नाव, कंपनीचं नाही. मी थांबलेसुद्धा. त्याला म्हटलं, इथे तर पे दाखवतंय. तो म्हणाला, ‘कंपनी आप को पे कर रही है मॅम, पिन से आप का अकाउंट व्हेरिफाय होगा.’ आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही बोटं चालली. आजही रात्री तो पडदा डोळ्यांपुढे येतो आणि ते एकाक्षरी ‘पे’.

पैसे कटल्याचा मेसेज आला तशी मी ओरडले. तो शांत. ‘मॅम, एंट्री उलटी पडली. अब डबल का कोड भेज रहा हूँ, दोनों इकट्ठा रिव्हर्स होंगे.’ २,७७६ ची दुप्पट ५,५५२, हिशोब अगदी बरोबर. घाबरलेल्या माणसाला बरोबर बेरीज फार पटते. फसवणाऱ्याला हे ठाऊक असतं. समोरच्याला शहाणपण शिकवणारे घरातले पुरुष तेव्हा हॉलमध्ये आयपीएल बघत होते, हेही नोंदवून ठेवते.

यानंतर सरकारी आणि निमसरकारी मंडळींनी जे केलं, त्याचा राग त्या मुलापेक्षा जास्त आहे.

बँकेत: ‘पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला.’ पोलीस ठाण्यात आधी माझ्या कानशिलाकडे बघून हसले. मग: ‘रक्कम लहान आहे. अर्ज देऊन जा.’ एफआयआर म्हटलं तर समोरची पार्टी परराज्यातली, आमची हद्द नाही. अहो, २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काय सांगतं? हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘मॅडम, रंगाची तक्रार म्हणजे ग्राहकाचा मामला.’ ग्राहकाचा मामला बघणारे म्हणाले, यूपीआयचे पैसे म्हणजे सायबर. सायबरवाले म्हणाले, स्थानिक ठाण्यात पाठपुरावा करा. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो. सौंदर्यप्रसाधनंही बघणाऱ्या औषध प्रशासनाच्या खिडकीवर तर कहर झाला: ‘उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक लिहा, त्याशिवाय तक्रार घेता येत नाही.’ साहेब, डबीवर ते नाही, हीच तर माझी तक्रार आहे! ‘मग बिल आणा.’ बिल असतं तर मी इथे आले असते?

पैसे गेल्या गेल्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेच्या ‘एक दाबा, दोन दाबा’त वेळ घालवू नका. पैसे अजून एखाद्या खात्यात शिल्लक असतील तरच अडवता येतात, आणि ते तिथे फार वेळ राहत नाहीत. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पार्सलवरचं लेबल फाडू नका, फोटो काढा. खरा पत्ता असलाच तर तिथेच असतो. डबी फेकू नका, उरलेल्या रंगासकट ठेवा. ठाण्यात अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. पती सोबत असला की साहेब त्यांच्याशीच बोलतात, म्हणून मी दुसऱ्या वेळी एकटीच गेले आणि शिक्का घेऊनच आले.

मालाची तक्रार ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दाखल करता येते. मी करते आहे, कुरिअर आणि जाहिरात दाखवणारे दोघांनाही प्रतिवादी करून. डबीवर मुलीचा फोटो, ‘हर्बल’ आणि पाठवणारं कपड्यांचं दुकान, असं पार्सल आणखी कुणाला आलं असेल तर लेबलचा फोटो मला पाठवा. पत्ता जुळला तर दोघींची तक्रार एकत्र जोडता येईल.