घरून शिलाईकाम आणि उद्यम नोंदणी, माझा रिव्ह्यू
ब्लाउज घरीच शिवते त्यामुळे दुकानाचं भाडं नाही, मुलं शाळेतून आली की समोर असतात, हे खरंच मोठं सुख आहे. पण लग्नसराईत रात्र पुरत नाही आणि पावसाळ्यात हात रिकामे, शिवाय बाई घरीच असते म्हणून गिऱ्हाईक कधीही बेल वाजवतं. आणि कर्ज मागायला गेलं की सॅलरी स्लिप कुठून आणायची? तिथे उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या व्यवसायाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, कामाला येतं. सरकारी पोर्टलवर नोंदणी एकदम फ्री, आधार, पॅन आणि ओटीपी लागतो, दरवर्षी रिन्यू करायची कटकट नाही, एजंटला पैसे अजिबात देऊ नका. फक्त सर्टिफिकेटवर लोन मिळतंच असं नाही हं, बँक खात्यातले व्यवहार बघतेच, म्हणून शिलाईचे पैसे खात्यातच घ्या. माझ्याकडून ४ स्टार.