सवयी सुधारल्या की कुणाला किती फायदा: पुरुष आणि स्त्री

मूल राहत नाही म्हटलं की तपासण्या आधी बाईच्या सुरू होतात. खरं तर सवयी बदलल्याचा फायदा जास्त स्वच्छ दिसतो तो पुरुषात. शुक्रजंतू सतत नव्याने तयार होतात आणि एका खेपेला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सिगारेट सोडली, दारू कमी केली, तर तीनेक महिन्यांनी केलेल्या वीर्यतपासणीत फरक दिसू शकतो. वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. त्यामुळे रोजचं गरम पाण्याच्या टबात बसणं किंवा मांडीवरचा लॅपटॉप टाळलेला बरा. आणि जिममधली ‘ताकदीची’ इंजेक्शनं? बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्रजंतू शून्यावरही येऊ शकतात. दंड फुगतात, मोजणी घसरते!

स्त्रीचं गणित वेगळं. बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, तो पुन्हा भरत नाही. धूम्रपानाने तो लवकर संपतो, रजोनिवृत्तीही लवकर येते. सिगारेट सोडल्याने पुढची झीज कमी होते, गेलेली बीजं मात्र परतत नाहीत. वजनाच्या बाबतीत मात्र तिच्या हातात बरंच आहे: पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) आणि लठ्ठपणा असेल, तर 5 ते 10 टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी नियमित होते. उलट टोकही वाईटच. अति डाएट आणि अति व्यायामाने बीज सुटणंच बंद पडू शकतं.

वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर दोघांनीही एकत्रच डॉक्टरांकडे जावं.