बाजा की फॉर्म्युला, पेट्रोल की इलेक्ट्रिक? टीम निवडण्याआधी

पहिलं वर्ष संपत आलं की मेकॅनिकल, ऑटोमोबाइल आणि हल्ली इलेक्ट्रिकलच्या मजल्यावरही टीम भरतीचे कागद लागतात. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या या स्पर्धा. मोठ्या कॉलेजांत दोन टीम असतात, एक बाजाची (खडबडीत रस्त्यावरची गाडी) आणि एक फॉर्म्युलाची (ट्रॅकवरची रेसिंग गाडी). दोन्हीकडे जाता येत नाही, कारण दोघांनाही तुमची प्रत्येक संध्याकाळ, रविवार आणि दिवाळीची अर्धी सुट्टी हवी असते. बहुतेक मुलं-मुली गाडीचा फोटो बघून ठरवतात आणि तिथे फॉर्म्युला नेहमीच जिंकते. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या कॉलेजातल्या माणसांत, मशीनवर आणि पैशांत यातली कोणती गाडी स्पर्धेच्या महिनाभर आधी जमिनीवर पळायला लागेल, ते बघा आणि त्या टीमचा फॉर्म भरा. शिकण्याचा मोठा भाग गाडी पळायला लागल्यावर सुरू होतो. ज्या टीमची गाडी स्पर्धेच्या आदल्या रात्री पूर्ण होते, त्या टीमला वर्षभराच्या कष्टातून वेल्डिंग आणि जागरण एवढंच मिळतं.

आधी बाजा. ही स्पर्धा 1976 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात ती 2007 पासून होते आणि इंदूरजवळचं पिथमपूर हे तिचं जुनं घर. एका माणसाची, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाणारी गाडी बनवायची. वर्षानुवर्षं इथे सगळ्यांना एकच इंजिन होतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसी, 10 हॉर्सपॉवर. ते उघडायचं नाही, त्यात काही बदलायचं नाही. नव्या मुलांना हे बंधन खटकतं, पण बाजाचं शिक्षण याच बंधनातून येतं. ताकद सगळ्यांना सारखी मिळाल्यावर फरक पडतो तो वजनाने, गिअरबॉक्सच्या रेशोने, सीव्हीटीच्या (पट्ट्यावर चालणाऱ्या आपोआप गिअरच्या) ट्यूनिंगने आणि सस्पेन्शनने. शेवटच्या दिवशी चार तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे टिकून राहण्याची शर्यत असते. पन्नासेक गाड्या एकाच ट्रॅकवर सोडल्या की धुळीत पुढची गाडी दिसत नाही, कुणाचा ए-आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) वाकतो, कुणाचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) तुटतो. पिटमध्ये आणून दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं, म्हणून पहिल्या तासात मोडलेल्या गाडीलाही आशा असते.

फॉर्म्युलाची सुरुवात 1981 मध्ये टेक्सास विद्यापीठात झाली. पुढे युरोपात तिचं फॉर्म्युला स्टुडंट झालं. इंग्लंडमध्ये 1998 पासून आणि जर्मनीतल्या हॉकेनहाइमला 2006 पासून ती भरते. आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत होते, तर सुप्रा या दुसऱ्या स्पर्धेने अनेक वर्षं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाजवलं. इथे इंजिन तुम्ही निवडायचं. 710 सीसीपर्यंत मुभा आहे, पण पेट्रोल गाडीत इंजिनाला लागणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका गोल भोकातून यावी लागते. त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. भोकातल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की पुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा मिळत नाही. त्यामुळे 600 सीसीचं चार सिलिंडरचं जड इंजिन टाकून त्याची पूर्ण ताकद कधीच हाती येत नाही. आपल्याकडच्या अनेक टीम केटीएम 390 चं 373 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन का घेतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं असं की ही बाइक चाकणला बनते आणि तिचे पार्ट सहज मिळतात.

गुणांची विभागणी नीट वाचा. फॉर्म्युलात 1000 पैकी 325 गुण गाडी न चालवता मिळतात: डिझाइनला 150, खर्चाच्या अहवालाला 100, बिझनेस प्लॅनला 75. डिझाइनचे परीक्षक कंपन्यांत गाड्या बनवणारे लोक असतात. ‘हा रॉड एवढ्याच जाडीचा का?’ असं विचारल्यावर ‘सिनियर दादांनी असाच केला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. बाजातही डिझाइन आणि खर्चाचे गुण आहेत, पण मैदानात मोडलेली गाडी कागदावर तरेल अशी सोय नाही.

आता टेक, म्हणजे तांत्रिक तपासणी. खरी निवड इथे होते. टेकचा स्टिकर लागेपर्यंत गाडी ट्रॅकवर जात नाही आणि दरवर्षी कित्येक टीम इथूनच घरी परततात. फॉर्म्युलात आधी कॉकपिटमधून ठरलेल्या मापाचा साचा आत सोडतात. तो अडकला तर ग्राइंडर काढायचा. मग पट्टे बांधून, हातमोजे-हेल्मेट घालून बसलेल्या ड्रायव्हरने 5 सेकंदांत बाहेर यायचं, आणि हे टीममधल्या सर्वांत उंच ड्रायव्हरलाही जमलं पाहिजे. नंतर गाडी टिल्ट टेबलवर चढवून 60 अंशांत तिरकी करतात. ऑइलचा एक थेंबही खाली पडता कामा नये आणि वरच्या बाजूची चाकं उचलली जाता कामा नयेत. कॅच कॅनचं (सांडलेलं ऑइल जमा करणाऱ्या डब्याचं) झाकण सैल राहिलंय हे बऱ्याच टीमना तिथेच कळतं. सर्वांत शेवटी ब्रेक टेस्ट. वेगात येऊन एकदाच ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम लॉक व्हायला हवीत. तीन झाली, एक फिरत राहिलं, की बायस बारची (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणाऱ्या दांड्याची) खटपट करून परत रांगेत. गाडी आधी पळालेली असेल तर हे दहा मिनिटांत सुटतं. नसेल तर दोन दिवस इथेच जातात.

बाजाचं टेक सोपं नाही, पण ते डोळ्यांना दिसतं. रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या सांगाड्याच्या) पाइपचा व्यास, जाडी, कार्बनचं प्रमाण, सगळ्याचे कागद लागतात. वेल्डरचा नमुना जोड कापून-तोडून तपासतात. पाइपचं तोंड दुसऱ्या पाइपवर बसेल असं नीट कापलेलं नसेल आणि फट वेल्डने भरलेली असेल, तर ती कापल्यावर लपत नाही. ही चूक कॉलेजच्या वर्कशॉपमधले काका तुम्हाला आधीच दाखवू शकतात. फॉर्म्युलात मात्र नाकाशी स्वतः बनवून बसवलेला इम्पॅक्ट अटेन्युएटर, म्हणजे धडक शोषणारा भाग, 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने आदळली तर किती चेपेल, याची चाचणी करून अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी यंत्रं आणि ती वापरू देणारी ओळख लागते. पुण्या-मुंबईच्या मुलांना ती मिळून जाते. लातूर किंवा यवतमाळच्या कॉलेजातून हेच काम तिप्पट जड जातं.

पेट्रोल की इलेक्ट्रिक हा प्रश्न मला बाजा-फॉर्म्युलापेक्षाही मोठा वाटतो. इलेक्ट्रिक फॉर्म्युलात 600 व्होल्टपर्यंत आणि 80 किलोवॉटपर्यंत जाता येतं. हा आकडा ऐकून आनंद होण्याआधी भीती वाटली पाहिजे. बॅटरीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा 120 व्होल्ट आणि 6 मेगाज्यूलच्या आत ठेवायचा, मधे इन्सुलेशन, प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर, नारिंगी केबल, आणि कुठेही विजेची गळती झाली की गाडी स्वतःहून बंद करणारी शटडाउन सर्किट. गाडी कोइम्बतूरला पोहोचण्याच्या कितीतरी आधी या प्रत्येक गोष्टीचा लेखी हिशोब पाठवावा लागतो. वर रेन टेस्ट: गाडीवर 120 सेकंद पाणी मारतात, मग आणखी 120 सेकंद थांबतात, आणि या वेळात ही गळती पकडणाऱ्या इन्सुलेशन मॉनिटरने गाडी बंद पाडली तर नापास. एका कनेक्टरचं सील आतून दुमडलेलं असलं तरी एवढ्यात दगा होतो.

तरीही भविष्य इथे आहे हे मी मनापासून मानतो. 2023 मध्ये ईटीएच झ्युरिकच्या विद्यार्थ्यांनी अवघ्या 140 किलोच्या इलेक्ट्रिक गाडीने शून्य ते शंभरचा वेग 0.956 सेकंदात गाठला. ती गाडी विक्रमासाठी बनवली होती, स्पर्धेच्या 80 किलोवॉटच्या मर्यादेत ती बसत नाही. पण तिचा पाया फॉर्म्युला स्टुडंटमध्ये घातला गेला. आपल्याकडे आयआयटी मुंबईची रेसिंग टीम इलेक्ट्रिक गाडी घेऊन सिल्व्हरस्टोनला जाऊन आली आहे आणि निगडीच्या पीसीसीओईची क्रेटॉसही इलेक्ट्रिकवर काम करते. अशा टीममध्ये जागा मिळत असेल तर इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मुलांनी दुसरा विचार करू नये. तिथे बॅटरीचं ज्ञान एका बॅचकडून दुसरीकडे जातं. पण कॉलेजात हाय व्होल्टेज हाताळलेला एकही शिक्षक किंवा सिनियर नसेल, तर पहिल्याच वर्षी 400 व्होल्टची गाडी बांधायला घेऊ नका. पोरांच्या जिवाशी खेळ आहे तो.

पैशांचं थोडक्यात. बाजा काही लाखांत उभी राहते, पेट्रोल फॉर्म्युला त्याहून महाग आणि इलेक्ट्रिक सर्वांत महाग, कारण सेल, मोटर, कंट्रोलर बरेचदा बाहेरून मागवावे लागतात. रोख देणारे स्पॉन्सर कमी, भोसरीत मशिनिंग किंवा लेसर कटिंग फुकट करून देणारे जास्त भेटतात. मुलाखतीला गेलात की तुम्हीही एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षी प्रत्येकाने खिशातून किती घातले? उत्तर देताना कॅप्टन घुटमळला तर घरी आई-बाबांशी बोलूनच फॉर्म भरा. आणखी एक विचारा: गेल्या वर्षीची गाडी आत्ता सुरू होते का? सुरू होत असेल तर त्या टीममध्ये पहिल्या महिन्यापासून गाडी चालवून, मोडून, मोजून शिकता येईल. ताडपत्रीखाली इंजिनाविना पडली असेल तर तिथे दरवर्षी शून्यापासून सुरुवात होते.

केटीची, म्हणजे विषय राहण्याची, भीतीही खरी आहे. फॉर्म्युला भारत साधारण जानेवारीत असते, म्हणजे शेवटची जुळवाजुळव थेट हिवाळी परीक्षेच्या आणि सबमिशनच्या अंगावर येते. ज्या टीममध्ये कॅप्टनच्याच दोन केटी आहेत, तिथे कामाची वाटणी नीट नाही असं समजावं.

माझा कौल असा. कॉलेजात जुनी, चालू गाडी असलेली फॉर्म्युला टीम असेल आणि तुम्हाला इंजिन, एअरोडायनॅमिक्स किंवा डेटामध्ये खरा रस असेल, तर तिकडे जा. नव्या किंवा मोडकळीला आलेल्या टीममध्ये असाल, तर दोन वर्षं बाजा करा, मग फॉर्म्युलाचा विचार करा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना तर मी आधी बाजाच सांगेन. लेथ, मिलिंग, वेल्डिंगवर त्यांचा हात बसलेला असतो, बाकीचे अजून ड्रॉइंग वाचत असतात, आणि बाजाच्या टीमला ऑगस्टमध्ये नेमका असाच माणूस हवा असतो.